कुलूप, किल्ली का वाट?

आमच्या शिक्षणसंस्थेत फोन उचलल्यावर 'हॅलो' न म्हणणारं एकच माणूस होतं. बेळगावच्या मुख्य कार्यालयात जिन्याखालच्या खोलीत विमल आक्का बसायची, आणि कुणाचाही फोन आला तरी ती पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायची, "कुलूप, किल्ली का वाट?"

मी निपाणीच्या शाखेत हेडक्लार्क म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरनं मला आत घ्यायला नकार दिला. शिपायानं एक नंबर दिला आणि 'आक्काला सांगा' म्हणाला. मी फोन लावला, हा प्रश्न ऐकला आणि कुठल्यातरी हार्डवेअरच्या दुकानात लागला असं समजून ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "मला कॉम्प्युटर विभाग पाहिजे."

"मग आणि कुठं लागलाय? सांगा, खात्याला कुलूप पडलंय, का पासवर्डची किल्ली हरवलीय, का नेटची वाट बंद हाय?"

एवढीच आपली विद्या, असं ती म्हणायची. कॉम्प्युटरची कुठलीही तक्रार या तीन खणांत बसते. पासवर्ड तीनदा चुकला की खातं अर्धा तास बंद होतं, ते कुलूप. पासवर्डच आठवत नाही, ती किल्ली. पासवर्ड बरोबर आहे, खातंही उघडं आहे, पण मशीन मुख्य कार्यालयापर्यंत पोचतच नाही, ती वाट. चौथाही एक प्रकार होता. तो ती तोंडानं बोलत नसे, वहीत नुसतं 'मा.' लिहायची. मा. म्हणजे माणूस. निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि खानापूर अशा चार शाखांचे मिळून आम्ही शे-दीडशे 'मा.' तिच्या पदरात होतो.

"किल्ली," मी म्हणालो, आणि प्रामाणिकपणे पुढं सांगायला लागलो, "माझा पासवर्ड बहुतेक असा होता..."

पलीकडून मोठ्यानं सुरू झालं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा." मी थांबलो तशी ती थांबली. मी पुन्हा तोंड उघडलं, तर पाढा जिथं सोडला होता तिथून पुढं सुरू.

"पासवर्ड कुणाला सांगायचा न्हाय," ती म्हणाली. "मला तर अजिबात न्हाय. तुम्ही सांगाय लागला की मी पाढं म्हणणार."

नंतर कळलं की चिकोडीचे एक गुरुजी इतके बोलके होते, की त्यांच्यापायी आक्का एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत पोचली होती.

नवा पासवर्ड घ्यायचा तर मशीन एक गुपित प्रश्न विचारतं. मला जन्मगाव विचारलं होतं. मी 'निपाणी' लिहिलं, ते चूक निघालं. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा चूक. स्वतःच्या गावाचं नाव चुकतं म्हटल्यावर मला घाम फुटला. आक्कानं एक लांब सुस्कारा सोडला आणि विचारलं, "एक पी का दोन पी?"

"म्हणजे?"

"इंग्रजी अक्षर वो. आपण मराठीतली माणसं एक पी लिवतो. कन्नडात जोर द्यून म्हणत्यात, त्यास्नी दोन लागत्यात. हा फॉर्म भरला त्या दिवशी तुमचं मन कुठल्या भाषेत होतं?"

मी आठवून सांगितलं की त्या दिवशी सकाळभर मी दाखल्यासाठी तालुका कचेरीच्या रांगेत कन्नड बोलत उभा होतो.

"मग दोन," ती म्हणाली. "सरकारी रांगेतनं आलेला माणूस दोन पी लिवतो."

मी दोन पी घातले आणि दार उघडलं. त्या दिवसापासून तिच्या लेखी माझं नाव 'दोन पी' असं पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिनं शेवटपर्यंत कधी वापरलं नाही. खुद्द बेळगावच्या मंडळींची गत तर माझ्याहून वाईट होती. जुनं इंग्रजी स्पेलिंग, नवं सरकारी स्पेलिंग आणि घरातलं आपलं, अशी एका गावाची तीन रूपं आणि संधीही तीनच. ज्यानं कुणी हा प्रश्न निवडला तो परमुलखातला असणार, असं आक्काचं ठाम मत होतं. आपल्या भागात कुणालाही गावाचं नाव कसं लिहितोस असं विचारू नये, चहा गार होतो, असं ती म्हणायची.

दोन वर्षं मी तिला बघितलंच नव्हतं. माझ्यापुरती आक्का म्हणजे एक आवाज आणि माझ्या पडद्यावर फिरणारा एक बाण. दुरून माझं मशीन चालवायचं असलं की ती नऊ आकडी नंबर मागायची, तीन-तीन आकडे करून, सावकाश. मग विचारायची, "पदर सावरला का?" हे ती सगळ्यांना विचारायची, प्राचार्यांनासुद्धा. घरचे फोटो, बायकोचं पत्र, शेअरबाजार, जे काही उघडं असेल ते झाका, मी आत येतोय, असा त्याचा अर्थ. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि आक्का तर बेळगावातल्या अस्सल वडगावची.

आत आल्यावर तिचा बाण आधी पडद्याच्या कोपऱ्यात दोनदा गोल फिरायचा. दाराची कडी वाजवावी तसं. मग काम. काम झालं की ती एक कोरी खिडकी उघडायची, तिच्यात 'येतो' असं टाइप करायची आणि निघून जायची. 'जातो' तिनं कधी लिहिलं नाही. मी एकदा म्हणालो, "आक्का, मशीनला काय कळतंय?" तर म्हणाली, "मशीनच्या घरात न्हाय आलतो मी. तुमच्या आलतो."

पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो तेव्हा माझी जरा निराशाच झाली. एवढ्या आवाजामागं बुटकी, किरकोळ बाई होती. नाकावर घसरलेला चष्मा आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक गुळगुळीत लाकडी धोटा. तो तिच्या वडिलांच्या हातमागाचा, आडवा धागा नेणारा. तिचं सगळं घराणं साड्या विणणारं. शाळा झाल्यावर तीही मागावर बसली होती, मग कुठलासा कोर्स केला आणि आमच्या संस्थेत चिकटली. "काम त्येच हाय," ती म्हणायची. "माग बंद पडला की मागाला शिव्या घालून उपेग न्हाय. धागा कुठं तुटलाय त्यो हुडकायचा." तिनं लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी खोचकपणे विचारलं तर उत्तर तयार असायचं, "माझं नाव एकदाच सेट झालंय. कुणी रिसेट केलं न्हाय." हे पुढं महत्त्वाचं ठरणार होतं, पण तेव्हा आम्ही नुसते हसलो.

तिचं धागा हुडकणं कसं असायचं त्याचा एक नमुना सांगतो. चिकोडीच्या त्या बोलक्या गुरुजींचं खातं आठवड्यात चारदा बंद पडलं. ते शपथेवर सांगत होते की पासवर्ड बरोबर टाकतोय. आक्कानं त्यांना पासवर्डच्या नव्हे, वरच्या नावाच्या रकान्यात इंग्रजी बटणांनी 'राम' लिहायला सांगितलं. गुरुजींनी लिहिलं.

"काय आलं?"

"कन्नड आलंय गं आक्का."

गुरुजी सकाळी कार्यालयाची कन्नड पत्रं टाइप करत आणि कन्नडाचं बटण तसंच चालू ठेवून उठत. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळं ठिपक्यांच्या मागं कन्नड चाललंय हे कळायला मार्गच नव्हता. "गुरुजी, तुम्ही खरं बोलालाय," आक्का म्हणाली. "फकस्त भाषा चुकालीय." वहीत मात्र तिनं 'मा.' लिहिलं.

पण तिची खरी कीर्ती झाली ती आमच्या प्राचार्यांच्या कुलपामुळं. त्यांनी पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं खातं रोज बंद मिळायला लागलं. आक्का उघडून द्यायची, घटकाभरात पुन्हा बंद. प्राचार्यांनी निष्कर्ष काढला की कुणीतरी त्यांच्या नावानं आत शिरायला बघतंय, आणि हा 'कुणीतरी' म्हणजे उपप्राचार्यच. दोघांचं बोलणं बंद झालं. निरोप माझ्यामार्फत जायला लागले, शेजारच्या खोलीतून शेजारच्या खोलीत. पंधरा दिवसांत माझ्या चपला झिजल्या.

आक्कानं काही न बोलता पंधरा दिवसांच्या नोंदी तपासल्या. मग फोन केला. "सर, चोर सापडत आलाय. पहाटं पाचला उठतोय, आणि दुपारी दोन ते चार झोपतोय. तेवढा येळ तुमचं खातं शाण्यागत वागतंय."

"म्हणजे स्टाफरूममधलाच," प्राचार्य म्हणाले.

"पहाटं पाचला उठणारा तुमच्या स्टाफरूममधी कोण हाय?" आक्कानं विचारलं. "सर, तुमचा जुना मोबाईल कुठं हाय?"

जुना मोबाईल प्राचार्यांनी संकेश्वरला सासऱ्यांना दिला होता, हरिपाठ ऐकायला. सासरे पहाटे उठून तो चालू करत आणि जेवून आडवे झाले की बंद करत. त्या मोबाईलमध्ये प्राचार्यांचं ऑफिसचं मेल तसंच राहिलं होतं. ते बिचारं जुन्याच पासवर्डनं दर थोड्या वेळानं दार ठोठावायचं आणि तीनदा नाही म्हटलं की खात्याला कुलूप लागायचं.

"जावयाचं दार सासऱ्यानं वाजवलं तर त्याला घुसखोरी म्हणत न्हाईत सर," आक्का म्हणाली. प्राचार्यांनी स्वतः उठून शेजारच्या खोलीत जाऊन उपप्राचार्यांना चहाला बोलावलं. तो चहा मीही प्यालो.

अशी आक्का. तिचा एक नेम मात्र कडक होता. दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा घाईनं काही टाकायचं नाही. आणि तीनदा चुकलंच तर हात बांधून अर्धा तास गप्प बसायचं. "सारखं सारखं ठोकाल तर आतलं माणूस घाबरतंय," ती म्हणायची. आम्हाला वाटायचं ती मशीनबद्दल बोलते.

मग तिची आई विसरायला लागली.

घरी या दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आधी आई चुलीवरचं दूध विसरली, मग गल्ली विसरली, मग एका सकाळी तिनं समोर बसलेल्या लेकीला विचारलं, "कोण गं तू?" संस्थेनं आक्काला घरून काम करायची परवानगी दिली. आमच्या दृष्टीनं फरक एवढाच पडला की फोनमागं आता गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू यायचा, आणि अधूनमधून एक म्हातारा आवाज.

"कोण गं तू?"

"विमल. तुझी पोरगी."

"आमच्यात विमल न्हाय."

"बरं," आक्का म्हणायची, आणि लगेच आमच्याकडं वळायची, "हां दोन पी, बोला. कुलूप, किल्ली का वाट?"

हसू यायचं आणि हसल्याची लाज वाटायची. पण खरी अडचण ओळखीची नव्हती, जेवणाची होती. म्हातारी परक्या बाईच्या हातचं खायला तयार होईना. आक्कानं ताट वाढलं की ती ताट मागं सारायची. "आमची माणसं यीऊ देत, मग खातो." माणसं म्हणजे कोण, ते तिलाही सांगता यायचं नाही. दोन घास जायचे, कधी तेही नाही. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पोटात काही गेलं तरच ते लागू पडेल असंही सांगितलं.

आक्कानं तिथंही आपला नेम लावला होता. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, अशा दिवसात तीनच वेळा ती 'मी विमल' म्हणून बघायची. तीनदा नाही आलं की त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही. "'आई' म्हणून झालं. 'सरस्वती' म्हणून झालं, बाबा म्हणायचं तसं 'अगं ए' म्हणून बी झालं," ती मला एकदा म्हणाली. "दारच उघडंना बघा." तेव्हा ती हसली नव्हती. मी उगीच प्रिंटरची चौकशी केली.

याच दिवसांत आमचे ग्रंथपाल दत्तू आप्पा अडकले. निवृत्तीला आठ दिवस राहिलेले, सेवापुस्तकाचे कागद त्यांच्याच खात्यातून पाठवायचे, आणि पासवर्ड पार विसरलेले. त्यांचा गुपित प्रश्न होता, आईचं माहेरचं नाव. आप्पांनी 'चौगुले' लिहिलं. चूक. स्पेलिंग बदलून लिहिलं. चूक. गुपित प्रश्नाचं तिसरं उत्तर चुकलं तर पासवर्डसारखं अर्धा तास नव्हे, खातं कायमचं बंद आणि बेंगळूरपर्यंत पत्रव्यवहार. मी त्यांचा हात धरला आणि आक्काला फोन लावला. पदर सावरून झाला, बाण कोपऱ्यात दोनदा फिरला.

"आप्पा, उत्तर मला सांगू नगा," ती म्हणाली. "फकस्त येवढं सांगा. प्रश्न वाचल्यावर तुम्ही काय समजलासा? आईचं माहेरचं आडनाव, का माहेरचं नाव?"

आप्पा गोंधळले. "नाव म्हणजे नाव की. लग्नाआधी तिला घरात हाक मारायचे ते."

प्रश्न करणाऱ्याला आडनाव हवं होतं. पण आमच्याकडं लग्नात मुलीचं आडनाव बदलतंच, शिवाय ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि पाळण्यातलं नाव त्या दिवसापासून मिटतं. आप्पांनी फॉर्म भरताना सरळ ते मिटलेलं नाव लिहून टाकलं होतं. आता ते त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. दार उघडलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "आईला जाऊन चाळीस वर्षं झाली. ह्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती रं."

मी फोनवर म्हणालो, "आक्का, झालं. उघडलं."

पलीकडं मागांचा खडखडाट. त्यातून ती म्हणाली, "दोन पी, माझ्या आईचं माहेरचं नाव मलाच म्हाईत न्हाय."

त्या दिवशी बाण 'येतो' न लिहिता निघून गेला. असं पहिल्यांदाच झालं.

रेशनकार्डापासून आधारपर्यंत सगळीकडं सरस्वती. आजोळ खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला. पण आईचे आईवडील लवकर गेले, भाऊ परागंदा झाला आणि येणंजाणं तुटलं. लहानपणी आक्कानं एकदा विचारलं होतं, तर आई म्हणाली होती, "त्ये नाव तिकडंच ठीवून आलो." आता तिकडं जायचं तर आईला एकटं कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न. मग आक्कानं जे केलं ते आमच्या संस्थेच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. तिनं खानापूरच्या शाखेला स्वतःहून फोन केला. तिथल्या गावडे क्लार्कनं फोन उचलला, तर ही म्हणाली, "गावडे, माझी किल्ली हरवलीय."

गावडेला आक्कानं आजवर निदान पन्नास वेळा कुलपातून सोडवलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मोटरसायकलवर त्या गावी गेला. भाताची मळणी चालली होती, कुणाला बोलायला फुरसत नव्हती. तरी विचारत विचारत त्यानं आईच्या बरोबरीची एक म्हातारी शोधून काढली, पारूबाई. पण गावात रेंज नाही. शेवटी त्यानं पारूबाईला मागं बसवून टेकावरच्या देवळापाशी नेलं आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. "आक्का, वाट मिळाली," असं तो पहिल्यांदा म्हणाला. तिच्याच भाषेत.

पारूबाईला 'सरस्वती' काही कळेना. आक्कानं आईसमोर मोबाईल धरला. म्हातारीनं पडद्याकडं ढुंकून बघितलं नाही, पण पारूबाईनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "सरस्वती कसली गं. ही तर आमची हौशी."

हौसा. तेवढ्यात रेंज गेली.

पुढचं मला आक्कानंच सांगितलं. तिनं आधी हात धुतले, मग ती आईसमोर बसली. पहिल्यांदा म्हणाली, "हौसा." काही नाही. मग मानानं म्हणाली, "हौसाबाई." म्हातारीनं भिंतीकडं बघितलं. दोन संधी संपल्या. आक्का उठली, घरात दोन चकरा मारल्या आणि विचार केला. हौसाबाई कोण म्हणेल? ज्या वयात ते नाव होतं त्या वयात तिला कुणीच बाई म्हणत नसणार. म्हणजे किल्ली बरोबर आहे, भाषा चुकतेय. चिकोडीच्या गुरुजींसारखी. मग ती उंबऱ्याबाहेर गेली आणि पारूबाई बोलली होती त्याच हेलात तिनं बाहेरून हाक मारली, "हौशे, येतीस काय गं?"

आतून आवाज आला, "आलो गं पारे."

मला फोन आला तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "दोन पी," ती म्हणाली, "माझ्या खात्यावर न्हाय. पण गेस्ट म्हणून आत सोडलंय. दीड भाकरी खाल्ली." आणि ती रडली. मीही निपाणीच्या ऑफिसात सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि विचारणाऱ्याला सांगितलं की सर्व्हर चालू झाला.

त्यानंतर काही महिन्यांनी आक्का निवृत्त झाली. कार्यालय सोडताना माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, हा तिनंच घातलेला नियम होता. स्वतःचं खातं स्वतः बंद करता येत नाही, म्हणून तिनं ते बटण मला दाबायला लावलं. त्याआधी शेवटचा तिचा बाण माझ्या पडद्यावर आला, कोपऱ्यात दोनदा फिरला, 'येतो' लिहून गेला. ती खिडकी बंद करायला माझा हात धजेना. आता आम्ही कुठल्याशा कंपनीला फोन करतो. तिथं एक गोड आवाज आधी भाषा निवडायला सांगतो आणि मग तक्रारीचा क्रमांक देतो. पाढे कुणी म्हणत नाही.

निरोपसमारंभाला ती आली नाही. शाल आणि नारळ घेऊन मीच वडगावला गेलो. दार उघडंच होतं. जमिनीवर दोघी मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या, मधे सागरगोटे, बाजूला भाकरीचं ताट. म्हातारीच्या मनगटाला बांगड्या नीट बसल्या होत्या. ती आक्कावर रागावलेली दिसत होती.

"तीनदा सांडलीस पारे. डाव गेला."

"आणि एक चान्स दे की गं हौशे."

"न्हाय. नेम म्हंजे नेम. हात बांधून गप बस."

ज्या बाईनं आम्हाला आयुष्यभर हेच ऐकवलं, ती गयावया करत होती. मग तिनं खरंच हात बांधले. तेवढ्यात तिला मी दिसलो.

"कुलूप, किल्ली का वाट?"

"वाट," मी म्हणालो. "वाटेवर होतो, म्हणून आलो."

म्हातारीनं मला निरखलं आणि बस म्हणाली. ताटातली भाकरी तिनं मोडली. एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, एक आक्कापुढं, एक स्वतःच्या तोंडात घातला. चौथा तुकडा तिनं वाटीखाली झाकून बाजूला सारला. आक्का त्याच्याकडं बघत राहिली.

"ह्यो कुणाला गं हौशे?"

"माझी विमल यील की शाळंतनं," म्हातारी म्हणाली. "आल्या आल्या भूक लागतीय तिला."

आक्का माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "दोन पी, माझं खातं हाय आत. डिलीट न्हाय झालेलं."

मी शाल तिच्या शेजारी ठेवली आणि 'येतो' म्हणून उठलो. दारातून वळून बघितलं तर म्हातारी एकटीच सागरगोटे झेलत होती. आक्का हात बांधूनच बसली होती. तिचा अर्धा तास अजून व्हायचा होता.